चाकांच्या फळीवर चित्र कसे टिकते?

जुलै २०२१ मध्ये टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत एक खेळ प्रथमच खेळला गेला. त्याचे नाव स्केटबोर्डिंग. चार छोट्या चाकांवर बसविलेल्या एका फळीवर उभे राहून धावायचे, उड्या मारायच्या, कठड्यांवरून घसरत जायचे, असा हा खेळ. जपानच्या मोमिजी निशिया या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलीने त्यात सुवर्णपदक मिळविले. ज्यांनी ते सामने पाहिले त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. फळी हवेत गरकन फिरली, की तिच्या तळावरचे रंगीत चित्र क्षणभर चमकून जाई.

चित्र तळावर का? कारण फळीची वरची बाजू मोकळी नसते. पाय घसरू नये म्हणून तिच्यावर पॉलिशपेपरासारखा खरखरीत कागद चिकटविलेला असतो. उरतो तो तळ. पण हा तळ म्हणजे चित्र ठेवण्याची जागा नव्हे, छळण्याची जागा होय! त्यावर धूळ उडते, पाणी उडते, उडीच्या धक्क्याने फळी वाकते आणि लोखंडी कठड्यावरून घसरताना तळ कानशीसारखा घासला जातो. इतके सोसणाऱ्या चित्राची जाडी मात्र आपल्या केसाएवढीही नसते.

स्वतःच्या हाताने फळी करून तिच्यावर स्वतःचे चित्र उमटविणारे हौशी कारागीर जगभर आहेत. त्यांचे अनुभव दोन प्रकारचे असतात. एखाद्याचे चित्र महिनोन्‌महिने टिकते आणि जिथे घासले जाईल तिथेच झिजते. दुसऱ्याचे चित्र मात्र पहिल्याच आठवड्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटून येते. रंग एकच, लाकूड एकच, मग फरक कुठे पडला? याचे उत्तर रंगाच्या डब्यात नाही. ते रंग आणि लाकूड जिथे एकमेकांना भेटतात त्या सीमेवर आहे. विद्यार्थी मित्रहो, आज आपण त्या सीमेचे पदार्थविज्ञान पाहू या.

फळीची घडण

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५० च्या सुमारास समुद्राच्या लाटांवर फळीने घसरणाऱ्या तरुणांनी हा खेळ रस्त्यावर आणला. सुरुवातीच्या फळ्या म्हणजे लाकडाचे साधे तुकडे असत. आजची फळी साधारण ८० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद असते. मेपल या झाडाच्या कठीण लाकडाचे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे सात पत्रे एकावर एक डिंकाने चिकटवून ती करतात. म्हणजे एकूण जाडी साडेदहा मिलिमीटरच्या आसपास भरते. डिंक ओला असतानाच पत्र्यांची चळत साच्यात दाबून ठेवतात. डिंक वाळला, की साच्याचे वळण फळीत कायमचे राहते.

सात पत्र्यांपैकी बहुधा पाचांचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने आणि दोघांचे आडवे असतात. याचे कारण महत्त्वाचे आहे. लाकूड ओलाव्याने फुगते आणि वाळले की आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. मेपलचे ओले लाकूड पूर्ण वाळविले तर तंतूंच्या लांबीत ते हजारात एकदोन भागच आकसते, तर वार्षिक वलयांच्या दिशेने शेकडा दहापर्यंत आकसू शकते. आडवे पत्रे उभ्या पत्र्यांना रुंदीत पसरू देत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात फळी फारशी फुगत नाही. चित्राच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याच्या पायाखालची जमीन हलत नाही. हलत्या जमिनीवर कोणतेही चित्र टिकत नाही.

पहिली अट : रंगाने लाकूड भिजले पाहिजे

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल राहतो आणि पान कलते केले की निघून जातो. तोच थेंब स्वच्छ धुतलेल्या काचेवर टाका. तो पसरतो. असे का होते?

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढत असतात. या बलाला ससंजन बल म्हणतात. पाणी आणि पृष्ठभाग यांच्या रेणूंमधील आकर्षणाला आसंजन बल म्हणतात. ससंजन जास्त असेल तर थेंब आपले अंग चोरून गोल होतो. आसंजन जास्त असेल तर तो पृष्ठभागाला कवटाळतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. अळूच्या पानावर तो काटकोनाहून कितीतरी मोठा असतो, तर स्वच्छ काचेवर अगदी लहान.

द्रवाचे हे अंग चोरण्याचे सामर्थ्य आपण पृष्ठताणाने मोजतो. नेहमीच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर अल्कोहोलचा सुमारे २२. म्हणूनच जो पृष्ठभाग पाण्याला झिडकारतो तोच पुष्कळदा अल्कोहोलने सहज भिजतो. रंग तयार करणारे रसायनज्ञ रंगाचा पृष्ठताण कमी ठेवण्याची खटपट करतात ती याचसाठी.

आता लाकडाची बाजू पाहू. ही आकर्षणाची बले फार आखूड पल्ल्याची असतात. त्यांचा हात फार तर काही नॅनोमीटर पोचतो. मिलिमीटरचा दहालक्षावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. लाकूड घासताना उडालेल्या धुळीचा एक बारीक कण दहा मायक्रॉन, म्हणजे दहा हजार नॅनोमीटर जाडीचा धरला, तर तो कण जिथे आहे तिथे रंग आणि लाकूड यांची भेट होणारच नाही. रंग धुळीला चिकटेल आणि धूळ कशालाच चिकटलेली नसेल. बोटांचा तेलकटपणा, मेणाचा अंश, साच्यातून फळी सुटावी म्हणून लावलेला मेणकट लेप, हे सारे तसेच वैरी होत.

आणखी एक गंमत आहे. लाकूड नुसते पडून राहिले तरी त्याच्या आतील तेलकट व राळेसारखी द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात. त्यामुळे जुना पृष्ठभाग कमी भिजतो. ताज्या घासलेल्या लाकडावर थेंब लवकर पसरतो. म्हणून अनुभवी कारागीर फळी महिनाभर आधी घासून ठेवीत नाही. तो ती घासतो, धूळ पुसतो आणि लगेच रंगाला हात घालतो. त्याला स्पर्शकोन हा शब्द ठाऊक नसेल, पण त्याचा नियम तो पाळतो.

पसरणे निराळे, फुटणे निराळे

लाकूड भिजले पाहिजे खरे, पण फार भिजूनही चालत नाही. पेनाने वर्तमानपत्राच्या कागदावर लिहून पाहा. शाई फुटते आणि अक्षराला मिशा येतात. कोऱ्या लाकडावर पातळ रंगाने रेघ ओढली, की तेच होते. फरक इतकाच, की येथे मिशा एकाच दिशेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला वाढतात.

झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या लाकडात तशाच राहिलेल्या असतात. नळी जितकी अरुंद तितके केशाकर्षण जोरदार, हे तुम्ही शिकला आहात. काचेच्या उभ्या केशनळीत द्रव ठरावीक उंचीवर थांबतो, कारण त्याचे वजन त्याला खाली ओढते. पण फळी रंगविताना ती आडवी ठेवलेली असते. नळ्याही आडव्या. वजनाचा अडथळा नाही, म्हणून रंग घट्ट होईपर्यंत पुढे सरकतच राहतो.

यावर उपाय म्हणजे चित्राच्या आधी पारदर्शक सीलरचा एक पातळ हात देणे. तो नळ्यांची तोंडे अर्धवट बंद करतो. वाळल्यावर त्यावर २२० नंबरचा बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवितात. हे हलके घासणे कशासाठी? गुळगुळीत लेपावर दुसऱ्या थराला धरायला काही नसते. बारीक ओरखड्यांत रंग शिरतो, घट्ट होतो आणि आकड्यासारखा अडकून बसतो. रेणूंचे आकर्षण आणि ही खाचांतील अडकण, अशा दोन हातांनी चित्र फळीला धरून असते. सीलरचे चार जाड हात दिले तर रेघ सुबक येईल, पण लाकडातील खाचा बुजून एक हात सुटेल. काहीच लेप दिला नाही तर हात घट्ट, पण रेघ बिघडलेली. मधला मार्ग काढणे हीच कारागिरी.

जाळीतून गाळलेला रंग

१९७० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरालगत डॉगटाउन नावाने प्रसिद्ध झालेल्या वस्तीत वेस हम्पस्टन हा तरुण स्वतः फळ्या तयार करी आणि त्यांच्या तळावर हाताने चित्रे काढी. हाताचे चित्र एका फळीपुरते असते. तेच चित्र शंभर फळ्यांवर हवे तर काय करावे? त्यासाठी कारखानदारांनी आपल्याकडे लग्नपत्रिका आणि फलक छापण्यासाठी वापरतात तीच स्क्रीन प्रिंटिंगची पद्धत उचलली. जिम फिलिप्स या चित्रकाराचा १९८५ मधील 'किंचाळणारा हात' हे त्या काळचे जगप्रसिद्ध चित्र होय.

चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवितात. जिथे रंग नको तिथली छिद्रे बुजवितात. जाळीवर रंग ओतून रबरी पट्टीने तो ओढला, की उघड्या छिद्रांतून तो फळीवर उतरतो. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते.

येथे रंगाचा एक खास गुण उपयोगी पडतो. टूथपेस्टची नळी दाबली की पेस्ट सहज वाहते, पण ब्रशवर पडली की ढीग करून उभी राहते. दाबाखाली हलविले की पातळ आणि सोडले की दाट, असा हा गुण. शास्त्रीय भाषेत, घासले असता या द्रवाची विष्यंदिता कमी होते. जाळीचा रंगही असाच असावा लागतो. पाण्यासारखा असता तर जाळीखाली पसरून रेघ बिघडली असती, मधासारखा असता तर छिद्रांतून उतरलाच नसता.

रंग किती जाड बसतो याचा हिशेब करू. समजा, जाळीत दर सेंटीमीटरला ४३ धागे आहेत व प्रत्येक धागा ८० मायक्रॉन जाड आहे. एका सेंटीमीटरचे ४३ भाग केले, की प्रत्येक भाग सुमारे २३२ मायक्रॉनचा. त्यातून धागा वजा केला, की छिद्राची बाजू १५२ मायक्रॉन. छिद्रांनी व्यापलेला भाग (१५२ ÷ २३२) चा वर्ग, म्हणजे सुमारे शेकडा ४३. जाळीची जाडी १३० मायक्रॉन धरली आणि छिद्रांतील सगळा रंग खाली उतरला असे मानले, तर ओल्या रंगाचा थर १३० × ०.४३, म्हणजे सुमारे ५६ मायक्रॉन होईल. त्यातील निम्मा विद्रावक उडून गेला, तर उरतील २८ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो!

८० × २० सेंटीमीटरचा पूर्ण तळ एका रंगाने भरायचा तर ओला रंग लागेल फक्त ९ घनसेंटीमीटर, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे.

सपाट चित्र, वळणदार फळी

एक कागद घ्या आणि तो डब्याभोवती गुंडाळा. तो छान बसतो. आता तोच कागद चेंडूवर बसवून पाहा. काही केल्या सुरकुत्या पडतात. जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिख गाउस याने १८२७ साली या अनुभवामागचा सिद्धांत मांडला. एकाच दिशेने वाकलेला पृष्ठभाग सपाट कागदापासून न ताणता बनविता येतो, पण दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग तसा बनविता येत नाही. पृथ्वीचा अचूक नकाशा सपाट कागदावर का काढता येत नाही, याचेही उत्तर हेच आहे.

स्केटबोर्डची फळी सपाट नसते. रुंदीत ती पन्हळीसारखी किंचित खोलगट असते. हे वळण नुसते शोभेचे नाही. एक पोस्टकार्ड एका टोकाशी धरा, ते लोंबते. त्याला रुंदीत जरासे वळण द्या, ते ताठ उभे राहते. खोलगटपणाने फळीलाही असाच ताठपणा येतो. शिवाय फळीची दोन्ही टोके वर वळलेली असतात. मधल्या भागात वळण एकाच दिशेने आहे, म्हणून तिथे चित्राची फिल्म सरळ बसते. पण जिथे टोकाचे वळण सुरू होते तिथे लांबी आणि रुंदी अशी दोन्ही वळणे एकत्र येतात. तेथे ती जागा चेंडूच्या जातीची होते आणि सुरकुती पडते ती नेमकी तेथेच.

जाळीने छापणारे यासाठी फळीबरोबर वाकणारी लवचीक चौकट वापरतात. चित्रकारही शहाणपणाने वागतो. चेहरा, अक्षरे, बारीक रेषा तो मधल्या भागात ठेवतो आणि टोकांकडे ढग, ज्वाला, रंगाचे पट्टे असे काही काढतो, की थोडे ताणले गेले तरी कोणाला कळू नये. भूमिती अशी चित्रकलेला नियम घालून देते.

उष्णतेने उतरणारे चित्र

पुढे जाळीच्या जागी दुसरी पद्धत आली. १९९० नंतरच्या काळात ती पसरत गेली आणि आज कारखान्यांतून बहुसंख्य फळ्यांवर तीच वापरतात. चित्र आधी पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर उलटे छापतात. फिल्म आणि रंग यांच्यामध्ये सहज सुटणारा एक थर असतो आणि रंगावर उष्णतेने मऊ होणाऱ्या डिंकाचा थर असतो. फिल्म फळीवर ठेवून तिच्यावरून सिलिकोन रबराचा तापलेला रूळ दाबून फिरवितात. डिंक वितळून लाकडाच्या खाचांत शिरतो. थंड झाल्यावर फिल्म ओढून काढली, की चित्र फळीवर राहते.

या साध्या दिसणाऱ्या कृतीत किती विज्ञान आहे पाहा. साधारण सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या वर पॉलिएस्टर मऊ पडू लागते, पण वितळते अडीचशेच्या पुढे. दीडशे-दोनशे अंशांच्या रुळाखाली ते वितळत नाही, पण थोडे ताणले जाते. दुहेरी वळणाच्या जागी नेमके हेच हवे असते! रूळ मऊ रबराचा असल्यामुळे तो खोलगट भागातही दाबला जातो.

मग दोनशे अंशांच्या उष्णतेने फळीच्या पत्र्यांमधला डिंक मऊ होऊन फळी उकलत नाही काय? लाकूड हे उष्णतेचे दुर्वाहक आहे. उष्णता t सेकंदांत किती खोल शिरते याचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो: खोली ही साधारणपणे (D × t) च्या वर्गमुळाइतकी. लाकडासाठी D ची किंमत सुमारे ०.१५ चौरस मिलिमीटर दर सेकंदास आहे. एका सेकंदात उष्णता सुमारे ०.४ मिलिमीटर जाते. चार सेकंदांत ०.८. दीड मिलिमीटरवरच्या पहिल्या डिंकाच्या थरापर्यंत पोचायला तिला जवळजवळ पंधरा सेकंद लागतात. रूळ एका जागेवरून सेकंदभरातच पुढे जातो. डिंक वितळायला तेवढा वेळ पुरतो, पण आतल्या थराला बातमीही लागत नाही. मात्र एखादा उतावळा कारागीर 'जास्त तापविले तर जास्त चिकटेल' म्हणून एकाच जागी तापलेले साधन धरून बसला, तर फळीच्या अंगात दोष शिरेल. दुप्पट खोलीसाठी चौपट वेळ, हे वर्गमुळाचे गणित त्याला वाचविते किंवा बुडविते.

थंड झाल्यावरच फिल्म का ओढायची? गुळाचा पाक आठवा. गरम असताना त्याची तार निघते, थंड झाला की चिक्कीसारखा कडक होतो. गरम डिंकावरची फिल्म ओढली, तर डिंकाच्या तारा निघून चित्र अर्धे इकडे, अर्धे तिकडे जाते. घाई केलेल्या फळ्या या पायरीला हमखास बिघडतात.

या पद्धतीने कितीही रंगांचे चित्र एकाच खेपेत उमटते. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी धरण्याचे कौशल्य लागत नाही, म्हणून काम स्वस्त होते. त्याचबरोबर जाळीने छापणाऱ्या कसबी हातांचे काम कमी झाले. हाती फळ्या करणाऱ्यांपैकी काहींनी मात्र जाळी सोडलेली नाही.

ताण आणि झीज

खेळाडू फळीच्या मध्यावर उतरतो तेव्हा दोन आसांवर टेकलेली फळी तुळईसारखी खाली वाकते. वाकलेल्या तुळईची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणजे चित्र नेमके ताणाच्या बाजूला आहे. आसांमधील अंतर ३६ सेंटीमीटर आणि मध्यभागी वाक ५ मिलिमीटर धरला, तर वर्तुळाच्या भूमितीने वाकाची त्रिज्या सुमारे ३.२४ मीटर येते. फळीच्या निम्म्या जाडीला, म्हणजे ५.२५ मिलिमीटरला, या त्रिज्येने भागले, की तळाचा ताण मिळतो शेकडा ०.१६. ३६ सेंटीमीटरचे चित्र प्रत्येक उडीला सुमारे ०.६ मिलिमीटर लांब होते आणि परत आखडते. ही लांबी क्षुल्लक वाटते, पण हजारो उड्या जमेस धरा. लवचीक थर हे सोसतो. फार जाड किंवा ठिसूळ थराला तडे जातात आणि तड्यातून पाणी शिरले, की थर सुटू लागतो. म्हणून 'रंग जितका जाड तितका टिकाऊ' ही समजूत अर्धीच खरी आहे.

उरले घासणे. सिमेंटच्या काँक्रीटमधील वाळूचे कण बहुधा क्वार्ट्झचे असतात. क्वार्ट्झची कठिणता मोसच्या मापपट्टीवर ७ आहे, पोलादी चाकूहूनही जास्त. अशा कणांपुढे अठ्ठावीस मायक्रॉनचा रंग किती टिकणार? घासल्या जागी चित्र जाणारच. त्यात कारागिराचा दोष नाही. पण ज्या जागेला कठड्याचा स्पर्शही झाला नाही तिथला रंग पापुद्रा होऊन सुटला, तर सीमेवरची भेट नीट झाली नव्हती असे समजावे. झिजणे आणि सुटणे यांतला हा फरक एकदा कळला, की केवळ स्केटबोर्डच नव्हे, तर घराचे दार, सायकल, भिंत यांवरचा रंग पाहूनही चूक कुठे झाली हे तुम्हांला सांगता येईल.

करून पाहा

प्रयोग १. प्लायवूडचे हाताएवढे तीन तुकडे घ्या. पहिल्यावर मेणबत्ती घासा. दुसरा १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, पण धूळ पुसू नका. तिसरा तसाच घासा, धूळ ब्रशने झाडून ओलसर फडक्याने पुसा व वाळू द्या. तिन्हींवर एकाच डब्यातील तैलरंगाचा एकेक पातळ हात द्या आणि दोन दिवस वाळवा. आता मोठ्या माणसाच्या मदतीने ब्लेडने रंगात दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या व सहा आडव्या चिरा पाडा. पंचवीस चौकोन होतील. त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. किती चौकोन शिल्लक राहिले ते मोजा. रंगाच्या कारखान्यांतही हीच कसोटी वापरतात. तिन्ही आकडे वहीत लिहा. एकच तुकडा प्रत्येकी तीन वेळा तपासलात तर उत्तर अधिक भरवशाचे होईल.

प्रयोग २. एखाद्या चित्राची झेरॉक्स काढून घ्या. नुकतीच काढलेली असेल तर उत्तम. झेरॉक्सची काळी भुकटी म्हणजे काजळी आणि उष्णतेने मऊ होणारे प्लास्टिक यांचे मिश्रण असते. घासून पुसलेल्या फिकट प्लायवूडवर कागद पालथा ठेवा, चिकटपट्टीने एक कड धरून ठेवा आणि वाफ न वापरता गरम इस्त्री दाबून हळूहळू फिरवा. कोपरा उचलून पाहत राहा. चित्र लाकडावर उतरलेले दिसेल, पण उलटे. किती सेकंदांनी ते पुरेसे उतरते याची नोंद करा. शाईच्या फवाऱ्याने छापणाऱ्या यंत्राचे चित्र असे उतरत नाही, कारण त्या शाईत मऊ होणारे प्लास्टिक नसते.

इस्त्री आणि ब्लेड मोठ्यांच्या देखत वापरावे. लाकूड घासताना नाकातोंडाला रुमाल बांधावा. थिनर किंवा तैलरंग वापरायचा तर उघड्या खिडकीशी बसावे आणि जवळ आग नसावी.

विचार करा

१. खेळाडू फळीच्या मध्यावर उभा आहे. खरखरीत कागद आणि चित्र यांपैकी कोणावर दाब आहे व कोणावर ताण?

२. प्रयोग २ मध्ये इस्त्री एका जागी ६४ सेकंद धरली, तर उष्णता लाकडात अंदाजे किती खोल जाईल? तीन मिलिमीटरच्या प्लायवूडखालच्या टेबलाचे काय होईल?

३. फळीच्या टोकाशी फिल्मला सुरकुती पडू नये म्हणून तिला कात्रीने काप दिले तर चालेल काय? नकाशा काढणाऱ्यांनी पृथ्वीच्या गोलासाठी असा काही उपाय केला आहे काय, ते शोधा.

४. उलटे छापले तरी सुलटेच दिसेल असे देवनागरीतले एखादे अक्षर सापडते का पाहा. सापडले, तर तुमच्या पहिल्या फळीवर तेच छापा!